सासूबाईंच्या तोंडची टीं

मी रेडिओवर काम करतो म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे नक्की काय करतोस. मी सांगतो, बोलणाऱ्यांच्या तोंडातल्या शिव्या झाकतो. मध्येच ‘टीं’ असा आवाज येतो ना, तो मी. यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जरा आदर उमटतो. कोणीतरी गटारावर झाकण ठेवतंय याचं लोकांना बरं वाटतं. हा आदर मी बरीच वर्षं बिनदिक्कत खाल्ला. खरी गोष्ट अशी की माझ्या झाकणांखाली बहुतेक वेळा गटार नसायचंच. मी नुसतीच झाकणं टाकत फिरायचो आणि लोक नाक दाबून हसत जायचे.

आमचा सकाळचा शो ठाण्यातून निघतो. सहाला भक्तिगीत. त्यावर आमचा जॉकी तूप लावलेल्या आवाजात सांगतो की दिवसाची सुरुवात चांगल्या विचारानं करावी. साडेसातपर्यंत त्याचा चांगला विचार शेजारच्या वहिनींच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोचलेला असतो. मग बायको या विषयावर दोन विनोद, बायकोच्या बहिणीवर एक, जाड माणसांवर एक, आणि नऊ वाजता स्त्रियांचा सन्मान. त्याला खास संगीत आहे, सतारीचं. स्टुडिओच्या काचेवर पाटी लावलेली आहे: ‘आपल्याला आई आणि मुलं एकत्र ऐकतात, याचं भान ठेवा.’ पाटीच्या बरोबर खाली बसून मी टीं टाकतो.

साडेआठला असतो फिरकीचा फोन. कोणा अनोळखी माणसाला फोन लावायचा, त्याला वात आणायचा, तो चिडला की हसायचं. अडचण एवढीच की ठाणे-कल्याण पट्ट्यातला माणूस सकाळी अनोळखी फोनवर शिव्या देत नाही. त्याच्याकडे तेवढा वेळ नसतो. तो ‘गाडी चालवतोय’ म्हणतो आणि ठेवून देतो. सुरुवातीला आमचे फोन इतके मिळमिळीत व्हायचे की जॉकी माझ्याकडे बघून हात जोडायचा. मग एकदा चुकून माझ्या हातून एक टीं भलत्या जागी पडली. डोंबिवलीतले एक निवृत्त मास्तर म्हणत होते, ‘मी तुमची टाकी स्वतः येऊन बघतो.’ टीं पडली टाकीवर. त्या दिवशी फोन थांबेनात. मास्तरांच्या तोंडी लोकांनी काय काय घातलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला एक शोध लागला. ऐकणाऱ्याच्या डोक्यात जेवढी घाण साठलेली असते, तेवढी बाहेरून आणायची म्हटली तर टेम्पो लागेल. आपण फक्त जागा मोकळी करून द्यायची.

तेव्हापासून मी त्यातला कारागीर झालो. कुठल्या शब्दावर टाकायची, किती लांब टाकायची, शेवटचं अक्षर किती उघडं सोडायचं, यात मी इतका तरबेज झालो की घरी बायको म्हणाली ‘भाजीत मीठ कमी आहे’ तरी माझ्या मनात टीं कुठे बसेल ते ठरायचं.

जॉकीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो वाईट माणूस नाही, आणि तीच कटकट आहे. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. तो कल्याणजवळच्या मोहन्याचा, चाळीत वाढलेला, आईला विचारल्याशिवाय गाडीसुद्धा न घेणारा. त्याच्याकडे एकदा सत्यनारायणाला गेलेलो. घरात रेडिओ नव्हता. मुलगी आठवीत, तिच्या फोनवर आमचं स्टेशन लागू नये अशी व्यवस्था त्यानं स्वतः करून ठेवलेली. प्रसादाची वाटी हातात देताना त्याच्या आईनं मला विचारलं, ‘हा बातम्या देतो ना रे तिकडे?’ मी म्हटलं, देतो. मागे तो हात जोडून उभा होता, देवासमोर की माझ्यासमोर ते कळलं नाही.

आता सासूबाई. माझं लग्न शीळफाट्याजवळच्या एका आगरी घरात झालं. एके काळी भाताची शेतं, आता त्याच शेतांवर टॉवर आणि टॉवरच्या मध्ये चुकून राहिल्यासारखं गाव. आम्ही मूळचे कोकणातले, आमच्याकडे जावयाला अहो-जाहो, पाटावर बसवणं वगैरे. इथे सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून मला ‘तू’ केलं आणि ताटात अख्खा बांगडा टाकून ‘खा रं’ म्हणाल्या. मला ते फार आवडलं. त्या धवलारीण आहेत. म्हणजे लग्नात धवले म्हणणारी बाई. हळद दळण्यापासून पोर सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्याकडे असतं, आणि ते झाल्याशिवाय तो विधी झाला असं जुनी माणसं मानत नाहीत. भटजी नंतर येतात, घाईत असतात, जातात. धवलारीण आदल्या पहाटेपासून असते. त्यांच्या घरातल्या सगळ्या पोरींची लग्नं त्यांनी अशी गाऊन लावलीत, माझ्या बायकोचंसुद्धा. एकच पोर राहिलेली, धाकट्या दिराची. ती यांच्याच मांडीवर वाढलेली, यांना ‘मोठी आय’ म्हणणारी. तिचं लग्न ठरलं, मुलगा ठाण्याचा. आणि सासूबाई भेटेल त्याला सांगायला लागल्या की ही शेवटची, हिची झाली की मी घसा देवाला देऊन टाकीन.

त्याच आठवड्यात आमचा एक फोन फसला. समोरचा माणूस हॉस्पिटलात निघाला, लावता येईना. जॉकीला दुसऱ्या दिवशीसाठी काहीतरी हवं होतं. मी आपला हुशार. म्हटलं, सासूबाईंना लाव, लग्नघर आहे, मजा येईल. त्यानं नवऱ्याकडचा माणूस बनून फोन लावला. म्हणाला, आमच्या फोटोग्राफरला पिवळी हळद चालत नाही, फोटोत खराब दिसते, तुम्ही जांभळी लावा.

सासूबाई गडबडल्या नाहीत. त्यांनी आधी विचारलं की त्यानं न्याहारी केलीय का. मग म्हणाल्या, ‘हलद जांभली नसते रं बाला. जांभलं जांभूल असतं.’ तो ऐकेना. तेव्हा लहान मुलाला समजवावं तसं त्यांनी सांगितलं, ‘पयली पायाला लावाची, मंग गुडघ्याला, मंग खांद्याला, आनि सगल्या बाया मिलून कपालाला. तुज्या फोटूवाल्याला सांग, येवन बस, त्याला पन लावते.’

शेवटी जॉकीनं खरं सांगितलं. त्या खूप हसल्या. रेडिओवर लावू का, असं विचारायचा आमचा नियम आहे. त्यांनी मला फोनवर बोलावून घेतलं आणि विचारलं, मी बोलले तसंच लागंल ना? मी म्हटलं, जसं बोललात तसंच. तेव्हा हे खरंच होतं. माझा बेतही तोच होता.

संध्याकाळी जॉकीनं ती क्लिप ऐकली आणि म्हणाला, गोड आहे रे, पण यात मीठ नाही. दिवसभर बसून माझी पाठ धरलेली, घरी डोंबिवलीला पोचायचं होतं. मी कॉम्प्युटरवर क्लिपची टाइमलाइन उघडली आणि हात आपोआप चालायला लागला. पुढची क्लिप अशी झाली: ‘पयली टींला लावाची, मंग टींला, मंग टींला, आनि सगल्या बाया मिलून टींला.’ जॉकी खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, ते काम म्हणून अप्रतिम झालेलं. त्या क्षणी ती मला सासूबाई नव्हती, क्लिप होती.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी स्टुडिओत उपमा खात होतो. तिकडे गावात काय चाललेलं ते मला नंतर बायकोनं सांगितलं, ती माहेरीच होती. सासूबाईंनी आख्ख्या आळीला आवतण दिलेलं. खिडकीत स्पीकर ठेवलेला. ओट्यावर बाया, सगळ्यांना चहा. स्वतः नवी साडी नेसून मधोमध. पहिल्या टींला बायांनी त्यांच्याकडे बघितलं. दुसऱ्या टींला मागे कोणीतरी फिसकलं. चौथीला सगळा ओटा हसत होता, आणि त्या उठून कपबशा गोळा करून आत गेल्या.

बायकोनं फोन केला तेव्हा तिचा आवाज शांत होता. एवढ्या वर्षांच्या संसारानं मला शिकवलंय की शांत आवाजाला घाबरावं.

‘आई भांडी घासतेय,’ ती म्हणाली. ‘घासलेलीच परत घासतेय. तू काय केलंयस ते मला नको सांगूस. तिला सांग.’

उपम्याची प्लेट हातात तशीच. समोर काचेपलीकडे नऊची सतार सुरू झाली. त्या दिवशीचा विषय होता, आपल्या आजीच्या तोंडची गाणी कशी लोप पावत चाललीत. जॉकीचा गळा खरोखर भरून आलेला.

दुपारपर्यंत ती क्लिप शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या प्रत्येक गाडीत पोचली असावी. त्यातल्या एका पांढऱ्या गाडीत माझे चुलत सासरे, म्हणजे नवरीचे वडील, आम्ही काका म्हणतो ते, आपल्या दोन भागीदारांसोबत होते. काकांची जमीन गेली, तिथे इमारती आल्या, काकांकडे गाडी आली. आमच्या शोचे ते भक्त. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे त्यांनीच सांगितलं. भागीदारानं ती परत लावली, काका परत हसले. संध्याकाळी काकूंनी फोनवर ऐकून सांगितलं की या तर आपल्या जाऊबाई, तेव्हा कुठे त्यांचं हसणं थांबलं. आणि रात्री जेवणाआधी मुलाकडच्यांनी तीच क्लिप पाठवली, खाली विचारलेलं, ‘या तुमच्याकडच्याच का?’ सोबत हसरे चेहरे.

काकांनी निर्णय दिला. धवले नकोत. हळदीला डीजे, लग्नाला भटजी, आणि वहिनींनी समोर बसून आशीर्वाद द्यावेत, मानानं, न बोलता. ठाण्याची माणसं आहेत, त्यांच्यापुढे असली भाषा शोभत नाही. ज्या माणसाला ही भाषा रोज सकाळी गाडीत लागते त्यानं हे सांगितलं. मी समोर असतो तर काही बोललो असतो असं मला वाटतं, पण मी समोर नव्हतो. मला समोर यायला सांगितलेलंच नव्हतं.

पण एक होतं. मूळ फाइल माझ्याकडे होती. मला वाटलं, यात कठीण काय आहे? खरं काय ते लावून दाखवायचं, लोक ऐकतील, संपला विषय.

मी आधी आमच्या मॅडमकडे गेलो, त्या कार्यक्रम ठरवतात. म्हटलं, उद्या मूळ फोन लावू या, तेवढी दोन मिनिटं द्या. त्यांनी कानाला लावून नीट ऐकलं. चेहऱ्यावर छान हसू आलं.

‘किती गोड आहेत रे. पण यात आहे काय?’

‘काहीच नाही. तेच सांगायचंय.’

‘हं. म्हणजे उद्या लोक विचारणार, बाकीच्या बीपखाली तरी काही होतं का.’ त्यांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला. ‘श्रोत्यांचा आपल्यावर विश्वास आहे. तो असा घालवायचा का?’

मी बाहेर येऊन काचेवरची पाटी वाचली. पाटीला हात लावावासा वाटला, काढून फेकायला. फेकली नाही. वरच्या बाजूनं निघत आलेली चिकटपट्टी दाबून नीट बसवली आणि कामाला लागलो. माझ्या रागाची धाव आजवर इतकीच.

रविवारी मूळ फाइल फोनमध्ये घेऊन सासुरवाडीला गेलो. ओट्यावर काका, काकू, आळीतली चारपाच माणसं, दाराआड सासूबाई. मी छोटा स्पीकर मध्ये ठेवला आणि जरा भाषणच केलं. टीं म्हणजे काय, ती आम्ही कशी टाकतो, स्वच्छ शब्दावर टाकली की तो कसा घाण वाटतो, सगळं उदाहरणांसकट. मास्तरांच्या टाकीचंसुद्धा सांगितलं. मग मूळ फोन लावला. पाय, गुडघा, खांदा, कपाळ. सगळं स्वच्छ, पहाटेच्या पाण्यासारखं.

फोन संपल्यावर काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘जावय, तू कामात लय हुशार हास. येवरं साफ केलंस, कुठं सांधा पन दिसत नाय.’

मी म्हटलं, काका, हे साफ केलेलं नाही, हे मूळ आहे. ते म्हणाले, हो हो. आळीतला एक जण म्हणाला, आमच्या भाच्याच्या मुलाखतीत पण असंच करून देता येईल का. मी जितकं समजावून सांगावं की आवाजात मी काय काय करू शकतो, तितकी त्यांची खात्री पटत गेली की मी हेही केलंय. शेवटी काकू दयेनं म्हणाल्या, सासूसाठी एवढं केलंस, खूप झालं. म्हणजे बघा. खोटं बोललो तेव्हा लोकांनी डोळे मिटून मानलं. खरं घेऊन आलो, तर माझं कौतुक झालं.

माणसं पांगल्यावर सासूबाईंनी मला आत बोलावलं. मागच्या खोलीत तांदळाच्या कणगीला टेकून बसल्या होत्या.

‘मना येकटीला आयकव.’

मी लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, ओठ हलवत, सगळं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

‘आवाज माजाच हाय,’ त्या म्हणाल्या. ‘पन सगली सांगतान मी तसं बोलले. त्या दिसापासून मनाच कलत नाय. ह्यो तू साफ केलेला तं नाय ना रं?’

‘नाही हो आई. हेच तुम्ही बोललात.’

‘जसं बोलले तसंच लागंल, असं तू तवा पन बोललेलास.’

मी आयुष्यात एवढ्या लोकांच्या तोंडात न बोललेले शब्द घातले, पण बोललेल्या माणसालाच शंका यावी, इथपर्यंत माझी कारागिरी गेली असेल असं मला वाटलं नव्हतं. परत जाताना रिक्षात रेडिओ चालू होता, आमचंच स्टेशन, सकाळचे विनोद पुन्हा. रिक्षावाला हसत होता. मी त्याला बंद करायला सांगितलं, तर म्हणाला, दादा, एवढं काय, थोडी मजा पाहिजे ना लाइफमध्ये. मी उतरून पुढचं चालत गेलो. वाटेत कळलं की छत्री त्याच्याच रिक्षात राहिली. म्हणजे रागावून उतरण्याचंसुद्धा मला धड जमलं नाही.

आता एकच साक्षीदार उरलेला, जॉकी. फोनवर तोच होता, त्यालाच माहीत. त्याला गावात कसा न्यावा याचा विचार करत होतो, तर कळलं की काकांनीच त्याला बोलावलंय. हळदीच्या कार्यक्रमाला, स्टेजवर सूत्रसंचालन करायला. धवलारीण नको, कारण तिच्या तोंडची भाषा वाईट, आणि तिच्या जागी तो, ज्याच्या शोमध्ये ती भाषा झाली. हे मी काकांना एकदा हळूच बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘त्यो आर्टिस हाय. त्याचं वायलं असतं.’

मी जॉकीला गाठलं. सगळं सांगितलं, कणगीजवळची गोष्टही सांगितली. त्याचे डोळे भरले. खरोखर भरले, त्याचे पटकन भरतात.

‘तुझी सासू ती माझी आई,’ तो म्हणाला. ‘भर स्टेजवर बोलतो. टेन्शन नको घेऊस.’

हळद दोन टॉवरच्या मधल्या मोकळ्या जागेत होती. डीजेच्या भिंतीएवढ्या पेट्या. गाणी अशी की ती मला कामाला आली असती तर टींवरचं बोट उचलावं लागलं नसतं, नुसतं दाबून धरावं लागलं असतं. त्यावर काका नाचत होते, काकू नाचत होत्या, ठाण्याची सुसंस्कृत मंडळी नाचत होती, कडेवरची पोरंसुद्धा. सासूबाई पहिल्या रांगेत, कोचावर, मानानं, न बोलता. नवरीला हळद लागत होती ती कुणीही कुठेही फासत होतं, आधी कपाळ, मग पाय, कोणाला क्रम माहीत नव्हता. सासूबाईंचे ओठ मात्र हलत होते. बायको माझ्या शेजारी उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मग जॉकीनं हात वर करून डीजे थांबवला. मी सांगतो, त्यानं शब्द पाळला. म्हणाला, मंडळी, इथे एक आई बसल्यात. त्यांचा फोन तुम्ही रेडिओवर ऐकलात. मी आज तुम्हाला खरं सांगतो, त्या फोनवर या माउलीनं एकही वाईट शब्द उच्चारला नव्हता.

सगळं शांत झालं. इतकं शांत की पलीकडच्या टॉवरमधल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. सासूबाईंनी मान वर केली. बायकोनं माझा दंड धरला. आणखी एखादं वाक्य, नाही, तेही नको, नुसता तो माइक खाली ठेवला असता तरी चाललं असतं.

पण रेडिओच्या माणसाला शांतता सोसत नाही. हवेत काही वाजत नसलं की त्याला वाटतं स्टेशन बंद पडलं. मी बघितलं, त्याचा चेहरा ताणला गेला, डोळे इकडेतिकडे फिरले, आणि त्यानं तोंडानंच काढला, ‘टींऽऽ.’

आख्खा मांडव कोसळला हसून. डीजेनं ठेका दिला. पोरं ‘टीं, टीं’ करत नाचायला लागली. जॉकी स्टेजवरून माझ्याकडे बघत होता, चेहरा रडवेला. खाली आल्यावर एवढंच म्हणाला, ‘सवय रे.’ मला त्याला मारायचं होतं, पण त्याच्यासोबत फोटो काढायला रांग लागलेली, आणि रांग मोडून मारणं मला जमेना.

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं. सकाळी सगळे सासूबाईंच्या घरी. न्हाणं झाल्यावर नवरीला चुडा भरायचा होता, कासारीण येऊन बसलेली. नवरीनं हात पुढे करायला नकार दिला. रडली नाही, ओरडली नाही. मागच्या खोलीत जाऊन कणगीला टेकून बसली आणि म्हणाली, मोठी आय धवला बोलंल तवाच भरीन.

सासूबाई दारात उभ्या राहून तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कासारणीला आत घेतलं, माझ्या बायकोला घेतलं, आळीतल्या दोन जुन्या बाया घेतल्या. कोपऱ्यातलं सूप उचललं आणि सगळ्यांचे फोन त्यात गोळा केले. नवरीचासुद्धा. शेवटी सूप माझ्यासमोर धरलं. मी माझा फोन काढून ठेवला.

‘आता सूप घे आनि भाइर उबा ऱ्हा,’ त्या म्हणाल्या. ‘दार लाव.’

मी दार लावलं. थोड्या वेळानं आतून आवाज सुरू झाला. आधी खरखरीत, बरेच दिवस न वापरलेल्या नळासारखा. मग सरळ. शब्द मला नीट कळत नव्हते, लाकडी दार जाड होतं, आणि कान लावायचा माझा अधिकार मी गमावलेला. चाल मात्र कळत होती. मधूनच बांगड्या चढताना वाजत. सुपातले फोन थरथरत होते, एकावर ठाण्याहून कोणी फोन करत होतं, मी उचलला नाही.

तेवढ्यात काका आले. रेशमी कुर्ता, फेटा अर्धवट बांधलेला.

‘आत काय चाललंय? तिकरून निघाली मंडली.’

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर गाणं थांबणार, हे उघड होतं. आणि खरं सांगून मला त्या महिनाभरात काय मिळालेलं? मॅडमनी हेडफोन गुंडाळला, आळीनं कौतुक केलं, मांडव खदखदून हसला.

‘तुमच्या वहिनी शिव्या देतायत,’ मी म्हणालो.

काका जागच्या जागी थांबले. ‘कोनाला?’

‘नाव नाही कळलं. पण “दीर” दोनदा ऐकू आलं.’

त्यांनी फेट्याचं सुटलेलं टोक हातात धरलं आणि दाराकडे बघितलं. आतला आवाज नेमका वर चढला होता.

‘लय बोलतेय?’ त्यांनी कुजबुजत विचारलं.

‘काका,’ मी म्हटलं, ‘टीं टाकायला जागा नाही.’

ते दोन पावलं मागे सरले. मग वळले, आणि ओट्यावर जमलेल्या माणसांना हातानं अडवताना मला दिसले, तिकरं कोनी जाव नका, आत बायकांचं काहीतरी चाललंय. डीजेवाल्याच्या पोरानं पेटी चालू केली, तर त्याला त्यांनी स्वतः जाऊन बंद करायला लावली. एवढ्या दिवसांत मी बोललेली ही पहिली गोष्ट जिच्यावर कोणी पुरावा मागितला नाही.

मी सूप दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. हिरवा चुडा भरायला बराच वेळ लागतो, आणि धवला त्याहून लांब असतो.